पुरणामागे उरलेले पाणी: कटाच्या आमटीचा इतिहास

१/ होळीच्या दिवशी कृष्णाकाठच्या घराघरांत हरभऱ्याची डाळ शिजते. डाळीचे पुरण होते, पुरणाची पोळी होते. डाळ निथळताना चाळणीखाली जे पिवळसर, किंचित दाट पाणी जमते, ते मात्र मोरीत जात नाही. त्याची आमटी होते. ती त्या दिवशी पोळीबरोबर वाढली जाते आणि दुसऱ्या दिवशी भाताबरोबर, भाकरीबरोबर संपवली जाते. या उरलेल्या पाण्याला मोठा इतिहास आहे. त्यात भाषा आहे, शेती आहे, दुष्काळ आहे आणि जातही आहे. #थ्रेड

२/ हा इतिहास पाहण्यासाठी सांगली जिल्ह्यातला पलूस तालुका सोयीचा आहे. भिलवडी, औदुंबर, अंकलखोप, कुंडल, किर्लोस्करवाडी ही त्यातली परिचित नावे. ब्रिटिश काळात कुंडल औंध संस्थानात होते, तर भिलवडीसारखी गावे सातारा जिल्ह्याच्या तासगाव तालुक्यात होती. १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन ‘दक्षिण सातारा’ जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. सीमा बदलत गेल्या. चुलीवरची आमटी तीच राहिली.

३/ प्रथम ऋतू. हरभरा आणि गहू ही रब्बीची पिके. काळ्या जमिनीतील ओलाव्यावर ती वाढतात आणि फाल्गुनाच्या आसपास घरात येतात. उसाची गुऱ्हाळेही याच काळात चालू असतात. म्हणजे फाल्गुन पौर्णिमेला शेतकऱ्याच्या घरी नवा हरभरा, नवा गहू आणि नवा गूळ एकाच वेळी असतो. होळी आणि पुरणपोळी यांची सांगड धर्माने घातली असे म्हटले जाते. त्या सांगडीमागे पिकांचे वेळापत्रकही आहे.

४/ आता कृतीचे कारण. पुरण कोरडे असावे लागते. त्यात पाणी राहिले तर गूळ घातल्यावर ते सैल होते, पोळी लाटताना फुटते आणि तव्याला चिकटते. म्हणून डाळ तिप्पट-चौपट पाण्यात बोटचेपी होईपर्यंत शिजवायची आणि मग रोळीत किंवा चाळणीत ओतून पूर्ण निथळू द्यायची. तासभर उकळताना डाळीतील काही पिष्ट आणि प्रथिने पाण्यात उतरलेली असतात. पाणी फेकले तर डाळीचा तेवढा अंश वाया जातो. कटाच्या आमटीचा जन्म या साध्या हिशेबात आहे.

५/ सातारा, सांगली, सोलापूर भागातील खेड्यांत या पाण्याला ‘येळवणी’ म्हणतात. शिजलेल्या अन्नातील पाणी काढून टाकणे म्हणजे ‘वेळणे’, बोलीत ‘येळणे’. पूर्वी भातही असाच वेळत असत. शब्दाच्या शेवटचे ‘वणी’ म्हणजे पाणी. गुळवणी, चिंचवणी या शब्दांत तेच आहे. येळवणी म्हणजे येळून काढलेले पाणी. डाळ येळण्याची क्रिया, तिचे नाव आणि तिच्यातून निघणारा पदार्थ हे सारे एका शब्दात सामावले आहे.

६/ ‘आमटी’ हा शब्द आंबटपणाशी, संस्कृत ‘अम्ल’शी नाते सांगतो. चिंच किंवा आमसूल नसेल तर ती आमटी कसली, ही आजही स्वयंपाकघरातील धारणा आहे. ‘कट’ हा शब्द सीमेपलीकडेही ऐकू येतो. उत्तर कर्नाटकात होळिगे, म्हणजे पुरणपोळी, झाल्यावर उरलेल्या डाळीच्या पाण्याला ‘कट्टु’ म्हणतात आणि त्याचे ‘कट्टिन सारु’ करतात. पोळी-आमटी आणि होळिगे-सारु ही जोडी एकाच भूभागाची आहे. राज्यांची सीमा १९५६ नंतर पक्की झाली. चुलींनी ती कधी पाळली नाही.

७/ येथे एका गैरसमजाचे निरसन हवे. संस्कृतात ‘सूप’ म्हणजे शिजवलेली डाळ किंवा वरण, आणि ‘सूपकार’ म्हणजे आचारी. त्यामुळे इंग्रजांचा ‘सूप’ हा शब्द संस्कृतातून गेला, असे अनेकदा सांगितले जाते. युरोपीय ‘सूप’चे मूळ जर्मानिक भाषांत आहे, रश्शात बुडवलेल्या पावाच्या तुकड्याला तेथे ‘सॉप’सारखे शब्द होते. दोन्ही शब्दांचा उच्चार सारखा झाला, हा निव्वळ योगायोग.

८/ डाळीच्या पातळ रसाची परंपरा मात्र खरोखर जुनी आहे. चरक आणि सुश्रुत यांच्या संहितांत ‘यूष’ येतो. यूष म्हणजे कडधान्य पाण्यात शिजवून घेतलेला रस. त्याचे दोन प्रकार केलेले आहेत: स्नेह, मीठ, मसाला न घातलेला तो ‘अकृत’ आणि हे सारे घालून संस्कारलेला तो ‘कृत’. मुगाचा यूष रुग्णाला देण्याची प्रथा तेव्हापासूनची. चाळणीखाली जमलेला कट या भाषेत अकृत यूष ठरतो आणि फोडणी बसली की तो कृत होतो.

९/ दख्खनचा मोठा साक्षीदार ग्रंथ म्हणजे ‘मानसोल्लास’. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावर असलेला हा संस्कृत ग्रंथ बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातला. त्याच्या ‘अन्नभोग’ या भागात गव्हाच्या पिठाचे मांडे आणि पोळिका येतात, तसेच अनेक डाळी एकत्र शिजवून हिंग, हळद, आले, सैंधव घालून केलेला ‘विदलपाक’ही येतो. राजाच्या ताटातील पदार्थ लिहून ठेवले गेले. त्याच स्वयंपाकघरात डाळ निथळल्यावर उरलेल्या पाण्याचे काय झाले, ते लिहिण्याचे कारण कोणाला नव्हते.

१०/ सोमेश्वराच्या काळातील कोणत्याही आमटीत एक गोष्ट नक्की नव्हती: मिरची. ती मूळची अमेरिका खंडातली. कोलंबसाच्या १४९२ च्या प्रवासानंतर ती युरोपात गेली आणि सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या बंदरांतून भारतात पसरली. त्याआधी तिखटपणा मिरी, पिंपळी, सुंठ आणि आले यांच्यावर चाले. मराठीने नव्या फळाला जुन्या मिऱ्यावरूनच ‘मिरची’ हे नाव दिले. आज कटाच्या आमटीवर तरंगणारा लाल तवंग साधारण चार-पाचशे वर्षांच्या आतला आहे.

११/ त्याच समुद्रमार्गाने अमेरिकेतला एक पक्षीही आला: टर्की. १६१२ मध्ये जहांगीर बादशहाच्या सेवेतील मुकर्रबखानाने गोव्याहून काही अपूर्व प्राणी-पक्षी आणले. त्यांत टर्की होता. त्याच्या डोक्या-मानेवरच्या मांसल भागाचा रंग सरड्यासारखा बदलतो, हे पाहून जहांगीर थक्क झाला आणि त्याने आपल्या आत्मवृत्तात त्याचे वर्णन केले. दरबारी चित्रकार मन्सूरने काढलेले टर्कीचे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

१२/ अमेरिकेत हाच पक्षी सणाचा झाला. नोव्हेंबरमधील ‘थँक्सगिव्हिंग’ या दिवशी तो भाजतात आणि दुसऱ्या दिवशी उरलेल्या हाडांना व मांसाला कांदा, गाजर, सेलरीबरोबर उकळून साधे सूप करतात. दख्खनमध्ये टर्की घरोघर रुजला नाही, मिरची रुजली. पण सणाच्या मुख्य पदार्थाचे अवशेष पाण्यात उतरवून दुसऱ्या दिवसाचे जेवण उभे करायचे, ही रीत दोन्हीकडे सारखी आहे. तिकडे त्यासाठी हाडे उकळतात, इकडे डाळीचे पाणी राखून ठेवतात.

१३/ आमटीची कृती पाहिली की तिची काटकसर स्पष्ट होते. कट बाजूला काढायचा. सुके खोबरे आणि कांदा विस्तवावर किंवा तव्यावर काळपट भाजायचा. धने, जिरे, लवंग, दालचिनी, दगडफूल परतायचे आणि सारे बारीक वाटायचे. तेलात मोहरी, हिंग, कढीलिंब, मग वाटण, हळद आणि तिखट. त्यावर कट ओतायचा. चिंचेचा कोळ, गुळाचा खडा, मीठ. शेवटी मूठभर पुरण त्यात कालवायचे म्हणजे दाटपणा येतो. पातळ असावी, तरीही पाण्यासारखी नसावी, ही तिची कसोटी.

१४/ त्यातही घराघरांत भेद आहेत. नैवेद्याच्या आमटीत कांदा-लसूण नसतो. तेथे गोडा मसाला येतो. शेतकरी घरांत कांदा-लसूण घालून केलेली चटणी, म्हणजे या भागातला वर्षाचा मसाला, पडते. काही घरांत भाजलेल्या धान्याचे व मसाल्याचे पीठ, ‘येसर’, लावून आमटी दाट करतात. खानदेशात याच पदार्थाच्या जातीची ‘रशी’ आहे. कोल्हापूरच्या मिसळीत ‘कट’ म्हणजे तिखट पातळ रस्सा. तेथे डाळीचे पाणी गेले आणि नाव मात्र राहिले.

१५/ मांसाहारी स्वयंपाकातही हाच विचार दिसतो. कोल्हापूर-सांगलीकडे मटण आधी हळद, मीठ, आले-लसूण घालून शिजवतात आणि त्याचे पाणी वेगळे काढतात. हा ‘अळणी’ रस्सा. तिखटाआधी लहान मुलांना, आजाऱ्याला, बाळंतिणीला तो वाटीभर दिला जातो. उरलेल्या अळणीत खोबऱ्याचे दूध आणि खसखस घातली की पांढरा रस्सा, लाल वाटण घातले की तांबडा. शिजवलेल्या पाण्याला स्वतंत्र पदार्थ मानायचे, ही सवय येळवणीचीच सख्खी बहीण आहे.

१६/ पुरणाचा दुसरा मोठा दिवस बेंदराचा. विदर्भ-मराठवाड्यात श्रावणी अमावास्येला पोळा असतो. सातारा, सांगली, कोल्हापूर भागात पावसाळ्याच्या आरंभी बेंदूर येतो. बैलांच्या खांद्यांना तेल-हळद लावतात, शिंगे रंगवतात आणि पहिली पुरणपोळी बैलाला भरवतात. पोळी बैलाची आणि मग घराची. आमटी घराची आणि दुसऱ्या दिवशी शेतावर जाणाऱ्याच्या भाकरीची. ज्याने नांगर ओढला त्याचा मान आधी, हा क्रम या जेवणात पाळला जातो.

१७/ मात्र पुरणपोळी ‘सर्वांचा’ सण होती, असे सरसकट म्हणता येत नाही. या भागाचे रोजचे अन्न ज्वारी आणि बाजरीची भाकरी. गहू हे सणाचे धान्य होते. तूप, गूळ, वेलदोडा विकत आणणे अनेकांना परवडत नसे. मजुरी करणाऱ्या घरांत पुरण वर्षातून एक-दोनदा शिजे. अशा घरी डाळीचा प्रत्येक दाणा मोजलेला असे आणि म्हणूनच त्याच्या पाण्यालाही किंमत असे. सधन घरात जी आमटी चवीची बाब होती, तीच गरीब घरात पोट भरण्याची होती.

१८/ डाळीची किंमत दुष्काळात अधिक कळते. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात मुंबई आणि मद्रास इलाखे होरपळले. सातारा जिल्हाही त्यात होता. सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या पुरुष मजुराची मजुरी एक पौंड धान्य आणि एक आणा इतकी खाली आणली. ती ‘टेंपल मजुरी’ म्हणून कुप्रसिद्ध आहे. मद्रासचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश यांनी तिला विरोध केला: धान्य वाढवा आणि त्याबरोबर डाळही द्या, नुसत्या धान्यावर कष्ट करणारे शरीर टिकत नाही.

१९/ पुण्याच्या सार्वजनिक सभेनेही या मजुरीविरुद्ध आवाज उठवला आणि अनेक ठिकाणी मजुरांनी कामे सोडली. सरकारी कागदांत हा वाद पौंड, औंस आणि आणे यांच्या भाषेत आहे. पण वादाचा मुद्दा साधा होता: भाकरीबरोबर खायला काही असावे की नसावे. कोरड्यास, कालवण, आमटी या शब्दांमागे मराठी माणसाची हीच गरज आहे. भाकरी घशाखाली उतरवायला काहीतरी ओले हवे. येळवणी हे त्या ओल्याचे कमीत कमी खर्चातले रूप.

२०/ उरलेल्या अन्नाचा इतिहास येथे एक कठोर वळण घेतो. स्वतःच्या पातेल्यात उरलेले आणि दुसऱ्याच्या ताटात उरलेले, यांत मोठे अंतर आहे. गावगाड्यात अनेक अस्पृश्य कुटुंबांना कामाच्या बदल्यात शिळे तुकडे आणि उष्टे मिळत. सणाच्या दुसऱ्या दिवशी दारोदार मागून आणलेले अन्न हा हक्क म्हणून सांगितला जाई. प्रत्यक्षात ती अपमानाची व्यवस्था होती. मेलेल्या जनावराचे मांस हाही त्याच व्यवस्थेचा भाग होता.

२१/ १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा मुद्दा थेट मांडला. मृत मांस खाणे सोडा, उष्टे-शिळे तुकडे मागणे सोडा, असे आवाहन त्यांनी केले. चवदार तळ्याचे पाणी पिण्याची घटना त्याच परिषदेची. पाणी आणि अन्न, दोन्ही प्रश्न एकाच दिवसांत उभे राहिले. या आवाहनानंतर अनेकांनी उपाशी राहणे पत्करले, पण उष्टे नाकारले. ‘काटकसर’ हा शब्द वापरताना ती कोण स्वेच्छेने करतो आणि कोणावर लादली जाते, हे पाहावे लागते.

२२/ लादलेल्या अभावातूनही पाककला घडली. मांसाच्या लांब पट्ट्या मीठ लावून उन्हात वाळवायच्या, त्यांना ‘चान्या’ म्हणतात. मांस नसलेल्या दिवसांत त्या भाजून किंवा पाण्यात शिजवून रस्सा केला जाई. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’ या पुस्तकाने मराठवाड्यातील दलित घरांच्या अशा स्वयंपाकाची तपशीलवार नोंद केली. ‘मराठी खाद्यसंस्कृती’ या नावाखाली दीर्घकाळ फक्त पुरण, श्रीखंड आणि मसालेभात मोजले गेले. चान्यांचा रस्सा त्या यादीत नव्हता.

२३/ पलूस परिसराचे शेत पाण्याने बदलले. कराडजवळ खोडशी येथे बांध घालून १८६० च्या दशकात कृष्णा कालवा काढण्यात आला. पुढे १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या साहाय्याने कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर कारखाना आणि वसाहत उभारली. तीच किर्लोस्करवाडी. लोखंडी नांगर, उसाचे चरक, पाण्याचे पंप तेथे तयार होऊ लागले. ऊस वाढला, गूळ वाढला आणि गुळाबरोबर पुरणही अधिक घरांत पोहोचले.

२४/ किर्लोस्करवाडीने नांगरांबरोबर छापील शब्दही दिला. १९२० मध्ये ‘किर्लोस्कर’ मासिकाची सुरुवात झाली, १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’. शंकरराव किर्लोस्कर यांच्या संपादनाखाली एका माळरानावरून निघणारी ही मासिके मराठी मध्यमवर्गाच्या घरांत गेली. घरकाम, आरोग्य, शिक्षण, विवाह यांवर सुशिक्षित स्त्री-पुरुष छापील पानांतून बोलू लागले. चुलीजवळचे ज्ञान सार्वजनिक चर्चेचा विषय होऊ शकते, ही जाणीव याच काळातली.

२५/ १९४२ च्या चळवळीनंतर कुंडल हे प्रतिसरकारचे महत्त्वाचे केंद्र झाले. क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. बापू लाड आणि त्यांचे सहकारी १९४३ ते १९४६ या काळात सातारा जिल्ह्यात समांतर कारभार चालवत होते. भूमिगतांना जेवण आणि आसरा देण्याचा भार घरोघरच्या स्त्रियांनी उचलला. अवेळी आलेल्या चार माणसांना पुरेल असे कालवण वाढवायचे तर पातळ आमटीच उपयोगी. तुफान सेनेच्या इतिहासात बंदुकांची गणना होते; रात्री पुन्हा पेटवलेल्या चुलींची होत नाही.

२६/ प्रतिसरकारने ‘गांधी विवाह’ही रुजवले. हुंडा नाही, वाजंत्री नाही, जेवणावळी नाहीत. मोजक्या खर्चात लग्न. कर्ज काढून घातलेली पंगत ही शेतकऱ्याला सावकाराच्या दारी नेते, हे त्यामागचे निदान होते. सणाचे उरलेले पाणी राखणारी घरे लग्नात मात्र कर्जबाजारी होत, ही विसंगती या कार्यकर्त्यांनी ओळखली. स्वयंपाकघरातील हिशेब त्यांनी मांडवापर्यंत नेला.

२७/ १९७२ च्या दुष्काळाची आठवण या भागात अजून जिवंत आहे. खडी फोडणारे हात, परदेशातून आलेली लाल ज्वारी म्हणजे ‘मिलो’, आणि कामावर मिळणारी सुकडी. त्या वर्षांत हरभऱ्याची डाळ अनेक घरांतून नाहीशी झाली. पुरण नाही म्हणजे येळवणीही नाही. उरलेल्याची आमटी करण्यासाठी आधी काहीतरी शिजलेले असावे लागते, हे दुष्काळ शिकवतो.

२८/ तोवर या आमटीची कृती आई-सासूच्या हाताखाली शिकली जात होती. छापील मराठी पाकपुस्तकांत लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र’ १९१० चे. पण घराघरांत पोहोचले ते १९७० चे ‘रुचिरा’. त्याच्या लेखिका कमलाबाई ओगले यांचा जन्म १९१३ मध्ये कुंडल येथे झाला. आज पलूस तालुक्यात असलेल्या या गावातील मुलीचे शालेय शिक्षण जेमतेम चौथीपर्यंत झाले आणि तिने मराठीतील सर्वाधिक वापरल्या गेलेल्या पुस्तकांपैकी एक लिहिले.

२९/ ‘रुचिरा’चे मोठेपण तिच्या मापात आहे. कमलाबाईंनी शेर, पौंड, औंस बाजूला ठेवले आणि वाटी-चमच्याने प्रमाण सांगितले. वाटी प्रत्येक घरात असते. शहरात किंवा परदेशात नवा संसार मांडणाऱ्या, जवळ आई-सासू नसलेल्या मुलीला ‘अंदाजाने घाल’ या सल्ल्याचा उपयोग नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या हातांत असलेला अंदाज कागदावर आला आणि कृती गावाबाहेर टिकण्याची सोय झाली.

३०/ त्याच सुमारास भांडे बदलले. १९५९ च्या आसपास भारतात प्रेशर कुकर तयार होऊ लागले आणि पुढील दोन-तीन दशकांत ते मध्यमवर्गीय ओट्यावर आले. कुकरमध्ये डाळ मोजक्या पाण्यात शिजते. निथळायला फारसे काही उरत नाही. मग गृहिणींनी काय केले? कट हवा म्हणून डाळीत मुद्दाम जास्त पाणी घालायला सुरुवात केली. तयार पोळ्या विकत आणणाऱ्या अनेक घरांत तर आमटीसाठी वेगळी डाळ शिजते. जे उरत असे, ते आता ठरवून उरवावे लागते.

३१/ आणि जगाला या पाण्याचा शोध अलीकडे लागला. २०१४ मध्ये ज्योएल रोसेल या फ्रेंच माणसाने कडधान्य शिजवलेले पाणी घुसळले तर अंड्याच्या पांढऱ्यासारखा फेस येतो, हे प्रसिद्ध केले. २०१५ मध्ये अमेरिकेतील गूस वोल्ट यांनी डब्यातील काबुली चण्याच्या पाण्यापासून केवळ साखर घालून मरांग केले आणि त्या पाण्याला ‘अक्वाफाबा’ हे नाव मिळाले. प्रथिने, पिष्ट आणि सॅपोनिन ही द्रव्ये फेस धरून ठेवतात. डाळ उतू जाताना पातेल्यावर येणारा फेस तोच.

३२/ कटाच्या आमटीला जनक नाही, स्थापनादिन नाही, शिलालेख नाही. तिचे पुरावे वेगळ्या ठिकाणी आहेत: ‘येळवणी’ या शब्दात, फाल्गुनातील पिकांत, मिरचीच्या प्रवासात, दुष्काळी मजुरीच्या वादात, महाडच्या भाषणात, कुंडलच्या एका मुलीने लिहिलेल्या पुस्तकात. राजांचा इतिहास कागदांतून वाचता येतो. ज्यांनी कागद लिहिले नाहीत त्यांचा इतिहास वाचायचा तर त्यांनी काय फेकले आणि काय राखले, हे पाहावे लागते. पलूसच्या चुलींनी डाळीचे पाणी राखले.